३२ बिटांचा संसार : नोंदवही

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

बाबांचा डबा, म्हणजे त्यांचा जुना संगणक, परत माझ्या टेबलावर आलाय. कोअर आय-३ ४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, मी २०१८ मध्ये टाकलेली २४० जीबी एसएसडी. आणि विंडोज १०, तेही ३२ बिट, म्हणजे ६४ बिटच्या आधीची जुनी जात. "एवढ्या मशीनवर ३२ बिट कशाला?" असं आपल्या जुन्या मशीनवाल्यांपैकी जे विचारतील त्यांच्यासाठी आधी इतिहास सांगतो.

नारायण पेठेतल्या जिन्याखालच्या खोलीत बाबांचं डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, एका मंडळाचा दिवाळी अंक. विंडोज ७ खोक्यासकट विकत घेतलेलं, बिल अजून फाइलला लावलेलं आहे. ते ३२ बिट घेतलं, कारण मराठी कंपोजिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक. म्हणजे मागे यूएसबीला अडकवलेला तो हिरवा डोंगल, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. त्याची विंडोजशी ओळख करून देणारा ड्रायव्हर ३२ बिटांतच आहे. बनवणाऱ्यांकडे नव्या ड्रायव्हरची चौकशी केली, उत्तर नाही. २०१६ च्या जुलैत फुकट अपग्रेडची मुदत संपायच्या आधी मी विंडोज १० चढवलं. ३२ चं ३२ च राहिलं, डोंगल चालू राहिला, सगळे खूश.

आता परवा, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. २९ जुलै २०१५ ला आलेली प्रणाली, दहा वर्षांचा संसार. स्क्रीनभर सूचना आली तेव्हा बाबांनी चष्मा पुसून ती वाचली आणि मला फोन केला. "हे काहीतरी संपतंय म्हणतंय. माझं आहे का?"

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काहीही झालं नाही. डबा चालू झाला, बंद झाला.

दिवाळीत

काम बंद. फक्त लक्ष्मीपूजनाआधी डबा उघडून धूळ काढली. आमच्याकडे वहीपूजनात संगणकालाही हळदकुंकू लागतं, अगदी पहिल्या पेंटियमपासून. त्यामुळे समोरच्या जाळीवर वर्षानुवर्षांच्या बोटांचे ठसे आहेत आणि पंख्याच्या पात्यांवर बारीक कुंकू. हीटसिंकची पेस्ट खडूसारखी झाली होती, ती बदलली. तापमान बरंच उतरलं. पूजा रीतसर झाली. सिस्टिम जुनी असली तरी प्रसाद तिला मिळालाच.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज वही-पेन घेऊन बसलो. वाटा चार दिसतात.

पहिली, मुदतवाढ. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. मग सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चालू केला की फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण, नाहीतर ३० डॉलर. वाईट सौदा नाही. पण पुढच्या दिवाळीत याच टेबलावर याच वहीसमोर मी पुन्हा बसलेला असणार.

दुसरी, विंडोज ११. अधिकृत यादी इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या अटी. आपला आय-३ म्हणजे हॅसवेल, चौथ्या पिढीचा. रूफस या साधनाने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना या अटी काढून टाकता येतात आणि चौथ्या पिढीवर ११ चालतं, हे आपल्यातल्या अनेकांनी करून पाहिलंय. २४एच२ पासून प्रोसेसरला पॉपकाउंट ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) यावीच लागते. हॅसवेलला ती येते, कोअर टू ड्युओवाल्यांनी मात्र तिथेच हात जोडावेत. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती बहुधा हातानेच चढवावी लागते.

माझी गाडी अडली ती याच्याही आधी. विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे चढवणं नव्हेच, फॉरमॅट मारून कोरी ६४ बिट टाकणं. तिथे डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर चालत नाही. आणि १६ बिट प्रोग्रॅमही चालत नाहीत. हा दुसरा मुद्दा मी विसरलोच होतो, बाबांनी आठवण करून दिली: "आणि माझं बिलांचं?" बाबांची बिलं १९९६ पासून डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत. ३२ बिट विंडोज १० मध्ये ती काळी खिडकी अजून उघडते, ६४ बिटवर नाही उघडणार.

तिसरी वाट नवीन मशीन. त्यावर घरात दहा मिनिटंही चर्चा झाली नाही.

चौथी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणारी दुसरी प्रणाली.

वाटा बाजूला ठेवून मी बाबांना विचारलं की या डब्यावर तुम्ही दिवसभरात नक्की करता काय. जुन्या फाइली उघडणं आणि अधूनमधून कंपोज करणं. बिलं बघणं, तीही आता कुतूहल म्हणून. आणि सकाळी ईमेल, कीर्तनं, बँक.

"बँक? यावर?"

"मग कशावर? मोबाइलवर मला आकडे दिसत नाहीत."

हे मला ठाऊकच नव्हतं. इथे माझा निर्णय जवळजवळ झाला. इंटरनेट लागतं फक्त शेवटच्या कामाला आणि ३२ बिट लागतात फक्त पहिल्या दोघांना. आपण इतकी वर्षं दोघांना एकाच खोलीत कोंडून भांडणं सोडवतोय. म्हणजे इंटरनेटसाठी बाहेर लिनक्स, आणि त्याच्या आत नेटशिवाय जुनं विंडोज.

बाबांना पटलं नाही. "एक्सपी बंद होतंय म्हणून २०१४ मध्ये घाबरवलंस. सेव्हन बंद होतंय म्हणून २०२० मध्ये घाबरवलंस. माझं काय बिघडलं?"

"बाबा, २०१४ मध्ये तुम्ही यावर बँक उघडत नव्हतात. आणि २०२० पर्यंत आपण १० वर गेलो होतो."

"हो, पण घाबरवलंसच ना."

याला उत्तर नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. वापरलेली ८ जीबीची डीडीआर३ पट्टी हवी होती. पहिल्या दुकानात 'डीडीआर३' म्हटल्यावर मालकाने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी ग्रामोफोनची पिन मागितली. तिसऱ्या दुकानात मिळाली, समोर लावून रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवू देणार का विचारलं तर "पुण्याचेच ना?" असं म्हणून हसला. एक फेरी पूर्ण होऊ दिली, चहाही पाजला. सोबत नवी ५०० जीबी एसएसडी. जुनी एसएसडी पुसायची नाही, काढून जपून ठेवायची, असं मी आईसमोर कबूल केलंय. बाबांच्या वतीने ती साक्षीदार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चूक माझीच. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे आणि मी सकाळी साडेनऊला चालत्या विंडोजची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायला बसलो. सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी वापरलं. चालू मशीनवरून सगळी डिस्क एका व्हीएचडी फाइलमध्ये उतरवतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल जशीच्या तशी उघडतो. एक लक्षात ठेवा: व्हीएचडीएक्स या नव्या प्रकाराची खूण काढा, व्हर्च्युअलबॉक्सला साधी व्हीएचडीच बरी.

सत्तर टक्क्यांवर लाइट गेले. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब आहे, टेबलाचा प्लग नाही. मूळ डिस्क नुसती वाचली जात होती म्हणून तिला काही झालं नाही. अर्धवट फाइल उडवली आणि संध्याकाळी नव्याने सुरू केलं. बाबा दिवसभर काही बोलले नाहीत, फक्त जेवताना "आज गुरुवार ना?" इतकंच.

रविवार, ९ नोव्हेंबर

नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट २२.२, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं. हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, सपोर्ट २०२९ पर्यंत. १२ जीबी रॅम आणि साफ केलेला पंखा, मशीन चक्क तरुण वाटतं. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं पहिल्या फटक्यात. इथे लिहिण्यासारखं काहीच नाही.

लिहिण्यासारखं पुढे आहे. व्हर्च्युअलबॉक्स ७.२ टाकला, व्हीएचडी जोडली, आणि मशीन सुरूच होईना. व्हीटी-एक्स, म्हणजे आत दुसरा संगणक चालवायची प्रोसेसरमधली सोय, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे म्हणे. बायोसमध्ये ते चालू आहे हे दोनदा तपासलं. तासाभराने उलगडलं: लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या ६.१२ पासून केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं तसलंच मॉड्यूल लोड होताक्षणी व्हीटी-एक्स स्वतःकडे घेतं, आणि मिंट २२.२ सोबत कर्नल ६.१४ येतो. एसटीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात तसला प्रकार. केव्हीएम मला लागत नाही, म्हणून केव्हीएम-इंटेल हे मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये घातलं, रीस्टार्ट केलं, रुमाल उचलला गेला.

मग निळा पडदा. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. हा मात्र जुना ओळखीचा. विंडोज ७ टाकताना बोर्डवर डिस्क आयडीई या जुन्या जोडणीच्या मोडमध्ये होती आणि नंतर कुणी हात लावला नाही. व्हर्च्युअलबॉक्सने मी सांगितल्याप्रमाणे ती साटा या नव्या जोडणीला जोडली होती. आयडीई कंट्रोलर दिला आणि बाबांचा डेस्कटॉप, विठोबाच्या वॉलपेपरसकट, खिडकीतल्या खिडकीत उघडला. त्याला २ जीबी रॅम दिलीय आणि नेटवर्क कार्ड पूर्ण काढून टाकलंय. सपोर्ट नसलेलं विंडोज आहे, त्याला बाहेरचा वाराच लागू द्यायचा नाही. फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून. प्रेसवाल्यांकडून येणाऱ्या पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट व्हायरस आता आधी मिंटवर उतरतात आणि तिथे त्यांचं काही चालत नाही.

ॲक्टिव्हेशनने हार्डवेअर बदलल्याची तक्रार केली. आपण सगळेच जुन्या मशीनवाले, तर खोक्याचं बिल जपणं किती कामी येतं हे वेगळं सांगत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोंगल. सगळा खेळ याच्यासाठी, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत तो दिसेना. तोच काय, काहीच दिसेना, यादी कोरी. पोर्ट बदलले, मागचा, पुढचा, पुन्हा मागचा. शेवटी लक्षात आलं की माझं खातं व्हीबॉक्सयूझर्स या गटातच नाही. गटात घातलं, लॉगआउट करून परत आत आलो, यादी भरली. डोंगलसाठी फिल्टर लावून ठेवलाय, म्हणजे आतलं विंडोज सुरू झालं की तो आपोआप तिकडे जातो.

कंपोजिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा मी बाबांना हाक मारली. त्यांनी उभ्याउभ्याच एक ओळ टाइप केली आणि म्हणाले, "हे तर जुनंच आहे. मग एवढे दिवस काय करत होतास?"

बिलांची गंमत वेगळी. फॉक्सप्रो आता थेट मिंटवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतं. आणि त्याच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्क सरळ उघडतं. १९९८ मध्ये एका पत्रिकेचे साडेतीनशे रुपये येणं बाकी आहे, हे बाबांना पंचवीसहून अधिक वर्षांनी पुन्हा दिसलं. माणूस आता हयात नाही. बाबांनी ती खिडकी बंद केली.

कीबोर्डबद्दल. मी सुचवून पाहिलं की मिंटवरच मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची प्रमाण मांडणी शिका, म्हणजे लॉकची कटकटच नको. बाबांनी टंकलेखनाच्या क्लासात मराठी ४० ची परीक्षा दिलेली आहे, बोटं टाइपरायटरच्या मांडणीत घडलेली. दोन दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला त्यांनी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी इकडे लिहीन, तू तिकडे नेत जा." ठरलं. कंपोज आत, बाहेर आणून युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारी मराठी, करणं माझ्याकडे.

रविवार, २३ नोव्हेंबर

मग आजचं काम ते. दिवाळी अंकाच्या जुन्या फाइली, साधारण चारशे. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉ उघडतं, मांडणीही बऱ्यापैकी येते. पण मजकूर म्हणजे रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची भेळ, कारण जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे नुसते चेहरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. नुसती अदलाबदल करूनही भागत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफार उलट: 'सूर्य' मध्ये तो जुन्या फाइलीत य नंतर, युनिकोडात य च्या आधी. म्हणून बदलल्यावर प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून जागेवर ठेवावा लागतो. त्यासाठी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिलीय, कुणाला हवी असेल तर सांगा, पण अजून कच्ची आहे.

किती कच्ची, ते दुपारी कळलं. २००४ च्या अंकातला ट्रेकिंगवरचा लेख बदलून, छापून बाबांना दिला. त्यांनी लाल पेन उघडलं. दुसऱ्याच परिच्छेदात थांबले.

"सह्याद्रीत समुद्र कुठून आणलास?"

माझ्या स्क्रिप्टने 'दऱ्या' चा 'दर्या' केला होता. अर्धा ऱ जुन्या फॉन्टात वेगळ्या जागी असतो आणि मी त्याला सरसकट रफार करून टाकला. युनिकोडात त्याला नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि मग य असा क्रम हवा. बाबा पुढे वाचत गेले. पुढच्या पानावर शिबिरात पोहे करणारे आचारी होते, त्यांच्यामुळे 'आचार्यांनी पोहे केले' असं वाक्य तयार झालं होतं.

"आचार्यांनी केले असतील," मी म्हटलं.

"मग कांदा नसेल घातला," म्हणत बाबांनी तेही लालात गोल केलं.

चारशे फाइलींत असे किती 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' बुडालेत ते आता पुढच्या रविवारी. जुनी एसएसडी पाकिटात घालून, तारीख टाकून, बाबांच्या कपाटात बिलाशेजारी ठेवली आहे.