बगिच्यातली रास्पबेरी : पुश झालं एकदाचं (चावी निर्दोष)

पुश झालं, मंडळी! वरुडकडच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यातून, मोटारच्या खोलीत बसून, ४जी राउटरवरून, एसएसएच चावीनं (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल). म्हणजे लॅपटॉपवरचा ओलावा मोजण्याचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढला; तिथून तो रास्पबेरी पाय, म्हणजे बगिच्यातला छोटा संगणक, उतरवून घेतो. मागच्या नोंदीत गाडी "एक्स्पेक्टिंग केईएक्स ईसीडीएच रिप्लाय" (समोरच्या उत्तराची वाट पाहतोय) या ओळीवर रुतली होती आणि निम्म्या लोकांनी "नवीन चावी बनव" असा सल्ला दिला होता. चावीला मी हात लावला नाही. का, ते पुढे येतंच.

आधी जे सरळ झालं ते उरकतो. लॅपटॉपवर ईडी२५५१९ या प्रकारची चावी, पासफ्रेजसकट (चावी उघडण्याचे परवलीचे शब्द), एजंटमध्ये (उघडलेली चावी हाताशी ठेवणारा प्रोग्राम) भरलेली. आरएसए ४०९६ या जुन्या प्रकारच्या चावीवाल्यांशी माझं भांडण नाही, पण ईडी२५५१९ची सार्वजनिक चावी एका आखूड ओळीत मावते आणि ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामच्या ६.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ती आहे. जुन्या मशीनचं निमित्त आता चालत नाही. रास्पबेरीच्या चावीला मात्र पासफ्रेज नाही. लाइन गेली की ती बंद पडते, आली की आपोआप उठते; रात्री दोन वाजता तिथे पासफ्रेज टाकायला कोण जाणार? म्हणून तिला त्या एका रिपॉझिटरीपुरती (कोडच्या साठ्यापुरती) चालणारी चावी, डिप्लॉय की, दिली, तीही फक्त वाचण्याची. आमच्याकडे विहिरीवरची केबल चोरीला जाते, तिथे रास्पबेरीची काय हमी! उद्या कोणी उचलून नेलीच तर गिटहबच्या सेटिंगमधून ती चावी उडवायची. चोराच्या हाती माझा ओलाव्याचा कोड लागेल, त्यात बदल करता येणार नाही.

आता मुख्य दुखणं. घरच्या वायफायवर तीच चावी पहिल्या झटक्यात चालत होती. बगिच्यात गेलं की लटकायची. नकार नाही, "परमिशन डिनाइड" नाही, नुसती शांतता. एसएसएचला तीन व्ही लावून (म्हणजे प्रत्येक पायरी छापायला सांगून) पाहिलं, तर चावी दाखवण्याची पाळीच येत नव्हती. चाव्यांची बोलणी सुरू होण्याआधी दोन्ही बाजू सांकेतिक भाषा ठरवतात, तिथेच सगळं थांबत होतं. म्हणून नव्या चावीनं काहीच फरक पडला नसता. कुणाला शंका असेल तर आपला लॉग कुठल्या ओळीवर थांबतो ते आधी बघा, मग नवी चावी बनवणारं कीजेन चालवा.

पहिला संशय पोर्ट २२ वर, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या दारावर. गिटहब ४४३ वरही एसएसएच घेतं, फक्त होस्टचं नाव वेगळं लागतं. कॉन्फिगमध्ये तसं लिहिलं. तिथेही तेच, म्हणजे पोर्ट अडवलेलं नव्हतं. मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर "सर, फोन बंद करून चालू करा." बरं.

मग एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. एचटीटीपीएसवरून (ब्राउझर वापरतो त्या वाटेनं) क्लोन, म्हणजे कोड उतरवणं, सुरळीत व्हायचं, व्हिडिओ चालायचे, पण व्हॉट्सॲप वेबवरून फोटो पाठवायला गेलं की चाक फिरत राहायचं. म्हणजे खाली येणारं सगळं येतंय, वर जाणारं मोठं पाकीट (डेटाचा एका वेळी जाणारा तुकडा) कुठेतरी गडप होतंय. एसएसएचचा क्लायंट सुरुवातीलाच आपल्याला येणाऱ्या सगळ्या अल्गोरिदमची यादी पाठवतो. नव्या आवृत्त्यांत ती दीड हजार बाइटच्या आसपास जाते. पाकीट भरलं की अडलं.

खात्री करायला यादी कापली: एकच की एक्स्चेंज (गुप्त चावी ठरवण्याची पद्धत), एकच सायफर (मजकूर झाकण्याची), एकच मॅक (मजकूर वाटेत बदलला नाही ना हे तपासण्याची). आणि गिटहबनं नावानं "हाय" केलं! मी खोलीबाहेर येऊन अक्षरशः ओरडलो. मोठे बाबा ठिबकच्या नळ्या पाहत होते, म्हणाले, "काय झालं बे, साप निघाला का?"

आनंद टिकला नाही. पुश केलं, "रायटिंग ऑब्जेक्ट्स १०० टक्के" आलं आणि तिथेच बसलं. ओळख पटवायला छोटी पाकिटं पुरतात, कोड पाठवायला मोठी लागतातच. मोठे बाबा डोकावून म्हणाले, "कायले जीव जाळून रायला? पेनड्राइव्हमधी भर अन् घरून पाठव." तसंही यादी कापणं मला पटलेलं नव्हतंच. ओपनएसएसएच ९.० पासून, २०२२ साली, क्वांटम संगणकालाही दाद न देणारी एक्स्चेंज पद्धत आपोआप वापरली जाते. तिची चावीच हजार बाइटच्या वर असते. राउटर भिकार म्हणून ती सोडायची?

शेवटी साधं पिंग (समोरच्याला पाकीट पाठवून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) कामाला आलं. तुकडे करायचे नाहीत असं बजावून आकार वाढवत नेला. १३९२ जातं, १३९३ जात नाही. त्यात २८ बाइटची हेडरं (पाकिटावरचा पत्ता वगैरे) मिळवली की १४२०. लॅपटॉप मात्र इथरनेटच्या सवयीनं १५०० धरून चाललेला. मोबाइलच्या जाळ्यात आपलं पाकीट जीटीपीच्या बोगद्यातून (दुसऱ्या पाकिटात गुंडाळून) जातं, त्याची हेडरं वर चढतात, त्यामुळे जागा कमी पडणं यात नवल नाही. राउटरनं "मोठं झालं, छोटं कर" असा आयसीएमपीचा निरोप परत द्यायला हवा होता. तो देत नाही. कडब्यानं उंच भरलेली बंडी रेल्वेच्या पुलाखाली अडकावी आणि मागच्याला कोणी सांगूच नये, तसा प्रकार.

लॅपटॉपवर आणि रास्पबेरीवर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४०० केला, कापलेली यादी पूर्ववत केली. पुश सर्रकन गेलं. रास्पबेरीनं पुल केलं (नवा कोड उतरवला) तेव्हा होस्टचा, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरचा, फिंगरप्रिंट (त्याच्या चावीची खूण) बरोबर आहे का ते विचारलं. फोनच्या डेटावर गिटहबच्या पानावरून जुळवून मगच "येस". ही तपासणी बंद करा म्हणणाऱ्यांनी मार्च २०२३ आठवावा: गिटहबची स्वतःची आरएसए होस्ट चावी चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती आणि त्यांना ती बदलावी लागली.

नवा राउटर मागवायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, कपाटात जुना राउटर पडलाय, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) टाकून मधे बसवला तर? त्यात एमएसएस क्लॅम्पिंग आहे (राउटरच पाकिटं छोटी ठेवायला लावतो), प्रत्येक यंत्रावर एमटीयू लिहीत बसायला नको. दुसरी वाट डीएचसीपीच्या (यंत्रांना नेटचा पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) पर्याय २६ची, तो यंत्रांना एमटीयूही कळवतो; त्यासाठी रास्पबेरीवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम लावून. पण मग रास्पबेरी बंद पडली की सगळ्यांचं नेट बंद. बहुतेक ओपनडब्ल्यूआरटीच.

ओलाव्याचे नवे सेन्सर आलेत. स्वस्तातले कपॅसिटिव्ह घेणाऱ्यांनी चिप वाचून घ्या: एनई५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर भरवसा नाही, टीएलसी५५५ हवी. माझ्या पाकिटात दोन्ही मिसळून निघाल्या. कडांना नेलपॉलिश लावून वाळत ठेवलेत. आंबिया बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी झाडांचं पाणी तोडणं) सुरू व्हायच्या आत ते झाडांखाली गेले पाहिजेत, म्हणून राउटरचं काम त्यानंतर. पर्याय २६ अँड्रॉइड फोनवर कुणी चालवून पाहिला असेल तर कळवा.