ओकलंडच्या बंदरात अडलेलं जहाज

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोहून बे ब्रिज ओलांडून ओकलंडमध्ये शिरताना उजव्या हाताला बंदराच्या अवाढव्य पांढऱ्या क्रेन दिसतात. इथल्या आपल्या बहुतेक मराठी मंडळींची या बंदराशी ओळख तेवढीच.

ऑगस्ट २०१४ मध्ये गाझावर इस्रायलचे बॉम्ब पडत होते. त्याच सुमारास मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या. लोक रस्त्यावर उतरले, अश्रुधूर सुटला, आणि पॅलेस्टिनी तरुण ट्विटरवरून त्यांना अनुभवाचे बोल सांगू लागले: डोळे चोळू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला पळा. झिम या इस्रायली कंपनीचं ‘पिरायस’ जहाज ओकलंडला आलं ते याच दिवसांत. गाझावरच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ निदर्शकांनी बंदराची फाटकं अडवली. जहाज काही दिवस रखडलं आणि बराचसा माल पोटात ठेवूनच निघून गेलं.

२०२१ च्या जूनमध्ये झिमचंच ‘व्होलान्स’ आलं, तेव्हा मी भल्या पहाटे फाटकाशी गेले होते. माणसं गोल गोल फिरत घोषणा देत होती. गोदी कामगारांना करारामुळे असा परस्पर संप करता येत नाही. पण निदर्शनं चालू असताना आत जाणं धोक्याचं, हे कारण चालतं. गाडीला टेकून कॉफी पिणाऱ्या एका कृष्णवर्णीय कामगाराला विचारलं, आजचा रोज बुडणार का? म्हणाला, "बुडू दे. बापाचा चौऱ्याऐंशीत बुडला होता."

१९८४ मध्ये या गोदी कामगारांच्याच युनियनच्या स्थानिक शाखेने, लोकल १० ने, वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ सॅन फ्रान्सिस्कोत ‘नेडलॉइड किम्बर्ली’ जहाजावरच्या दक्षिण आफ्रिकेच्या मालाला अकरा दिवस हात लावला नव्हता. पुढे १९९० मध्ये मंडेला ओकलंडला आले, तेव्हा त्यांनी या कामगारांचे जाहीर आभार मानले.

‘सगळे लढे एकच’ छापाची भाषणं मला खटकतात. फर्ग्युसन आणि गाझा यांत फार अंतर आहे. वेढ्यात जगणाऱ्याला नागरिकत्वाचाही आधार नसतो. म्हणूनच भाषणापेक्षा बुडालेला रोज मला जास्त पटतो.

ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना १९६६ मध्ये याच ओकलंडात जन्मली, आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. हे आपल्या लोकांत सांगितलं की सगळे कौतुकाने माना डोलावतात. पण कॅलिफोर्नियात जातिभेदाविरुद्धचं एसबी ४०३ विधेयक आलं, तेव्हा विरोधात भारतीय संघटनाच पुढे होत्या. विधिमंडळाने ते मंजूर केलं, गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो फिरले. पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या वेळी निषेध म्हणून प्रोफाइलला काळा चौकोन लावणारेही त्यात होते.