नऊ पॅरामीटरचं मेल फंक्शन आणि द्राक्षाचा सीझन

सातपूरला आमचं छोटं ऑफिस आहे, तीन जण, मिळेल ते काम. पिंपळगावकडच्या एका पॅकहाऊसचं, म्हणजे द्राक्षं निवडून पॅक करतात तिथलं, सॉफ्टवेअर आम्हीच लिहिलंय, पीएचपीमधे. माल युरोपला जाणार म्हणजे आधी लॅबमधून रेसिड्यू, म्हणजे फवारणीच्या औषधांचा अंश, त्याची तपासणी, मग त्याचा रिपोर्ट बागायतदाराला मेलने पाठवायचा. सुरुवातीला मेल पाठवणारं माझं फंक्शन साधं होतं, पत्ता, विषय, मजकूर, बस्स, तीनच पॅरामीटर. मग कोणी म्हणे सीसी पाहिजे, कोणी म्हणे पीडीएफ जोडा, आणि मी दर वेळी शेवटी एक पॅरामीटर चिकटवत गेलो आणि एक दिवस बघतो तर नऊ झालेले. कॉल करायचा म्हणजे नको त्या जागी नल (काही नाही), नल, नल बोटावर मोजत बसायचं.

व्हायचं ते झालंच. ऐन फेब्रुवारीत तोडणीच्या तारखांचा मेल शंभरेक बागायतदारांना बीसीसीने, म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसता, जायचा होता, मी एक नल कमी टाकला आणि अख्खी यादी सीसीत जाऊन बसली. एरर नाही, वॉर्निंग नाही, पत्त्यांची यादी म्हणजे अ‍ॅरे, आणि दोन्हीकडे अ‍ॅरेच चालतो ना. सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले, वरून एकाने रिप्लाय ऑल करून विचारलं की माझ्या प्लॉटवर गाडी का आली नाही अजून, मग दुसऱ्याने भाव विचारला, आणि संध्याकाळपर्यंत मेलवरच बाजार भरला. मॅनेजरचा फोन, "भाऊ, हे काय करून ठेवलं तुम्ही?" काय बोलणार.

पीएचपी ८.० पासून नावानिशी आर्ग्युमेंट देता येतात, पण क्लायंटचा सर्व्हर ७.४ वर अडकलेला आणि सीझनमधे त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या ठेवल्या आणि बाकी सगळं एका ऑप्शन्सच्या अ‍ॅरेत, प्रत्येक व्हॅल्यूला नाव म्हणजे की, आत डिफॉल्ट व्हॅल्यू आणि वर दिलेल्यांचा अ‍ॅरे मर्ज. कॉल वाचताना आता 'बीसीसी' असं लिहिलेलंच दिसतं, मोजामोजी बंद.

पण खूश होऊन चहाला गेलो आणि तिथंच फसलो. अटॅचमेंटचं स्पेलिंग एका ठिकाणी चुकलं होतं, मर्जने ती चुकीची की मुकाट्याने घेतली आणि मेल रिपोर्टशिवायच गेला. आधी नल चुकायचा, आता स्पेलिंग, म्हणजे दुखणं तेच. मग आलेल्या कीज डिफॉल्टच्या कीजशी अ‍ॅरे डिफ की हे फंक्शन वापरून ताडल्या, अनोळखी एखादी जरी सापडली तर सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर देऊन काम तिथंच थांबवायचं. चार ओळींचं काम, पण माझ्या मते अख्ख्या फंक्शनमधे याच चार ओळी कामाच्या.

नंतर मराठी विषयाची भानगड. मॅनेजर म्हणाला सब्जेक्टमधे काहीतरी चित्रविचित्र येतंय. पीएचपीचं मेल फंक्शन विषय जसाच्या तसा हेडरमधे घालतं आणि देवनागरी तिथं एन्कोड करूनच, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत बदलूनच, द्यावी लागते. याच फंक्शनने मला अजून एका ठिकाणी वेड्यात काढलं, ते ट्रू देतं म्हणजे मेल पोचला असं मी वर्षभर धरून चाललो होतो. ट्रूचा अर्थ एवढाच की आपल्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, पुढं तो स्पॅममधे जावो नाहीतर गोदावरीत. मग आतून पीएचपीमेलर ही मेलची तयार लायब्ररी बसवली, ५८७ पोर्टवरून एसएमटीपीने मेल जातो, एन्कोडिंगही तीच करते. बाहेरच्या एकाही कॉलला हात लावावा लागला नाही, अ‍ॅरेचा खरा फायदा इथं झाला.

फ्रॉममधे मॅनेजरचा जीमेल पत्ता टाकायचो तेही बंद केलं. दुसऱ्याच सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने मेल गेला की एसपीएफ, डीकेआयएम या पाठवणारा खरा का ते पाहायच्या तपासण्या जुळत नाहीत आणि समोरचा संशय घेतो. आता फ्रॉम पॅकहाऊसच्या डोमेनचा, रिप्लाय-टू मॅनेजरचा. टेस्टिंगला एक ऑप्शन ठेवलाय, तो चालू असला की मेल न जाता फाइलमधे लिहिला जातो, सीसीच्या त्या प्रकरणानंतर मी त्याशिवाय काही ट्रायच करत नाही.

नऊ पॅरामीटरवालं जुनं फंक्शन मात्र अजून जागेवरच आहे, चौदा ठिकाणी त्याचे कॉल आहेत, ते आतल्या आत अ‍ॅरे बनवून नव्याला देतं. एप्रिलमधे माल संपला की काढू म्हणतोय, मागच्या एप्रिललाही हेच म्हणालो होतो.