आधी दोर सोड

आमच्या वाडीतून शाळेत यायचं तर खाडी ओलांडावी लागे. पूल नव्हता, होडी होती. भरतीला ती थेट धक्क्याला लागे. ओहोटीला अलीकडेच थांबे आणि आम्ही दप्तर डोक्यावर घेऊन चिखल तुडवत वर येत असू.

१९८७ साली मी आठवीत होतो. न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला विज्ञानाच्या सरांनी अख्खा वर्ग धक्क्यावर नेला. मला रिकाम्या होडीत उभं केलं आणि म्हणाले, "मार उडी." मारली. होडी जेमतेम हलली. सर म्हणाले, "अरे, आधी दोर सोड." दोर सोडून पुन्हा उडी मारली, तशी होडी झर्रकन मागे गेली आणि माझा एक पाय पाण्यात. सरांनी सुतळीने अंतर मोजलं. मग वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा चढला, मग सगळ्यात लहानखुरी मुलगी. तीन आकडे वहीत उतरवून घेतले. "उडी काय, सगळेच बघतात. तुम्ही होडी बघा."

मी आजवर होडीच बघत आलो.

अंतराळयानावरचे यांत्रिक हात हा माझा विषय. कारखान्यातला रोबो जमिनीला बोल्टांनी आवळलेला असतो. उपग्रहाखाली जमीनच नाही. त्याने हात पुढे केला की तो स्वतः मागे सरकतो, वळतो, आणि पकडायची वस्तू हुकते. अंतराळ स्थानकावरच्या सतरा मीटर लांबीच्या कॅनडार्म-२ या यांत्रिक हाताला हे फारसं जाणवत नाही, कारण स्थानकाचं वस्तुमान चारशे टनांच्या वर. लहान उपग्रहाला मात्र हाच खरा घोर. उमेतानी आणि योशिदा या जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात यानाचं हे सरकणं हाताच्या गणितातच बसवून दाखवलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानने ईटीएस-७ हा हात असलेला उपग्रह सोडला, तेव्हा मी पवईला आयआयटीत एम.टेक. करत होतो. पुढे काय करायचं ते त्या दिवसांत ठरलं.

यात एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. हात फिरवून पुन्हा होता तिथे आणला, तरी यान पहिल्या दिशेला परत येईलच असं नाही. उलटं पडलेलं मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर उतरतं, तेही याच गणिताने.

पीएच.डी.साठी कॅनडात गेलो. तिथे गुळगुळीत ग्रॅनाइटच्या टेबलावर आमचा रोबो दाबाच्या हवेने तरंगायचा. खाली हवेचा थर केसाहूनही पातळ. बोटाने ढकललं तरी सरकत जायचा. माझं गणित बरोबर होतं, पण हात दर वेळी लक्ष्याच्या दोन बोटं पुढे जाई. चार महिने मी सांध्यांच्या मोटरी आणि समीकरणं तपासत बसलो. एका रात्री वर पाहिलं. संगणकाकडून रोबोपर्यंत सोडलेली वायर ताणली जात होती. तिने रोबोला धरून ठेवलं होतं. हिशेबाप्रमाणे तो मागे सरकतच नव्हता. आपला खाडीवरचा धक्का डोळ्यांपुढे उभा राहिला. बॅटरी आणि रेडिओ रोबोवरच बसवले, वायर काढली, आणि दुसऱ्या आठवड्यात हात नेमका लक्ष्यावर टेकला. प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत सरांचं नाव आहे.

१६ जानेवारी २०२५ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. मी सरांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "वजनं किती?" प्रत्येकी सुमारे २२० किलो, म्हटलं. "म्हणजे सारखीच. मग दोघंही सारखेच सरकणार," सर म्हणाले, आणि मग अभिनंदन केलं.

आता खाडीवर पूल झालाय, होडी बंद पडली. मुलं रिक्षाने येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दोर सोडून उडी मारायला त्यांना जागा उरली नाही. म्हणून शाळेच्या महोत्सवाला येताना हवेवर तरंगणाऱ्या चकत्यांचं एक टेबल घेऊन येतोय. शाळेच्या प्रयोगशाळेत खाडीकडच्या खिडकीपाशी त्याला जागा करून ठेवावी, एवढी विनंती.