घळीतली वाट चुकते ती परतताना

अमेरिकेतल्या दक्षिण युटामध्ये एस्कलांटे नदीला मिळणाऱ्या घळींत, कायोटी गल्चसारख्या ठिकाणी, उतरताना वाट फारशी चुकत नाही. पाण्याच्या दिशेने चालताना बाजूची प्रत्येक घळ आपल्याच पात्राला येऊन मिळते, निवडायचं काही नसतं. परतताना मात्र त्याच जागी बेचकं समोर येतं, आणि रुंद, सोपं दिसणारं पात्र हमखास भुलवतं. म्हणून प्रत्येक संगमाच्या खाली दहा पावलं जाऊन मागे वळायचं, फोटो काढायचा आणि नकाशावर वेळ टिपायची. वाटेच्या वर्णनांतलं डावं-उजवं बहुधा पाणी वाहतं त्या दिशेने तोंड करून सांगितलेलं असतं. चढताना ते उलटं होतं.

सह्याद्रीत मळलेली पायवाट दिसते. इथल्या उघड्या कातळावर ती उमटतच नाही, असतात फक्त दगडांच्या लगोऱ्या. पुढची लगोरी दिसेपर्यंत एकाने आधीच्या लगोरीपाशीच थांबायचं. पण लगोरीवर आंधळा विश्वास नको. हौसेने रचलेल्या लगोऱ्याही पुष्कळ असतात. (आपण त्यात भर घालू नये.) काळपट, खरबरीत मातीचा पापुद्रा जिवंत असतो, तो तुडवायचा नाही.

१:२४,००० चा नकाशा हवाच, पण त्याची मर्यादा ओळखा. या भागातल्या अनेक नकाशांवर समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) ४० फुटांच्या उंचीचं अंतर असतं. म्हणजे ३० फुटांचा कोरडा धबधबा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. असा कडा आडवा आला की उडी मारून किंवा घसरून उतरू नका, परत चढता येत नाही. थोडं मागे फिरून बाजूला कातळाचा कट्टा शोधा. इथे खडकांचा क्रम कामी येतो: वर नवाहो वालुकाश्माचे गोल घुमट, त्याखाली पायऱ्यापायऱ्यांचा कायेंटा, त्याखाली विंगेटची सरळसोट भिंत. आडवं जाण्याची वाट बहुधा कायेंटात सापडते. विंगेट मात्र तुटला असेल तिथेच उतरू देतो.

अरुंद घळीत जीपीएसचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या वळणात जाऊन बसतो. तिथे होकायंत्र बरं: घळीच्या प्रत्येक सरळ तुकड्याची दिशा घ्यायची आणि नकाशावरच्या वळणांशी जुळवायची. जुन्या नकाशावर छापलेला चुंबकीय फरक (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) वापरू नका, तो आता काही अंशांनी बदललाय. जुन्या पुस्तकातले यूटीएम आकडे (जागा मीटरमध्ये सांगणारे) एनएडी २७ या जुन्या मोजणी-आधाराचे असतील आणि जीपीएस यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या आधारावर असेल, तर सुमारे २०० मीटरची चूक होते. घळीत २०० मीटर म्हणजे कड्याच्या माथ्यावर!

नकाशावर वरचं पाणलोट क्षेत्रही पाहून ठेवा. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. बकस्किन गल्चसारख्या सुमारे २० किलोमीटरच्या चिंचोळ्या घळीत मधून बाहेर पडायची वाट जवळजवळ नाहीच. जुलै ते सप्टेंबरमध्ये वरच्या भागाचा अंदाज बघा, घळीच्या तोंडाचा नाही.

आणि माथ्यावरून जिथून खाली उतरलात ती जागा वरच, मोकळ्या आकाशाखाली, जीपीएसवर नोंदवा. खालून ती दहा भेगांतली एक भेग दिसते.