भिशीच्या वहीला दाम किती?

सोमवार, रात्री

भिशीचा हिशोब ठेवणारं ॲप तयार आहे, घोडं अडलंय किमतीपाशी. बारा सभासद, २,००० रुपये हप्ता, म्हणजे महिन्याला २४,००० रुपयांची उलाढाल. एवढा सगळा हिशोब साध्या वहीत मावतो, आणि वही दुकानात चाळीसएक रुपयांना मिळते. तेव्हा या ॲपची स्पर्धा दुसऱ्या ॲपशी नाही, वहीशी आहे. वहीपेक्षा पाचपट पैसे का मोजायचे, याचं उत्तर आधी हवं.

उत्तर दुसऱ्या भिशीत सापडतं. एक भिशी चालवणारीला वही पुरते. दोन चालवायला घेतल्या की एकीचा हप्ता दुसरीत धरला जातो, एकच सुनीता दोन्हीकडे असते, आणि चिठ्ठीच्या दिवशी तूतू-मैंमैं होते. तो गुंता सोडवायचे पैसे लोक खुशीने देतात. म्हणून पहिली भिशी फुकट, सभासदांना सगळंच फुकट, आणि किंमत दाखवायची ती 'दुसरी भिशी उघडा' दाबल्यावरच. ॲप उघडताक्षणी दर समोर आला तर माणूस तिथूनच माघारी फिरतो.

प्ले स्टोअरवरची एक मेख आधीच लक्षात ठेवायला हवी. एकदा मोफत म्हणून प्रकाशित केलेलं ॲप पुढे विकतचं करता येत नाही. विकतचं मोफत होतं, उलट होत नाही. मग नवा पॅकेज आयडी (ॲपची प्लेवरची ओळख) घेऊन नव्याने सुरुवात करायची, आणि जुनी रेटिंग गेली ती गेलीच. डाउनलोड मोफत ठेवून आत खरेदी ठेवली की ही भानगड राहत नाही.

आता आकडा. वर्षाला १९९ धरू. प्लेचं कमिशन १५ टक्के म्हणजे २९.८५. हा कमी दर वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर असतो, पण त्यासाठी कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यासाठीच्या प्लेच्या पानावर, नोंदणी करावी लागते, हे बरेच जण विसरतात. जीएसटीची नोंदणी असेल तर १८ टक्के त्याच १९९ च्या पोटातून जातात, म्हणजे ३०.३६ (१९९ × १८ ÷ ११८). हातात उरले १३९ च्या आसपास. ९९ लावले तर हाच हिशोब ६९ वर येतो, आणि फोन करून शंका विचारणाऱ्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. ९९ नकोच.

दर वर्षी आपोआप पैसे कापणारी वर्गणी इथे जड जाते. ऑटोपे म्हटलं की माणूस बिचकतो. शिवाय पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना जाते आणि तिथेच तो रद्द करतो. प्लेमध्ये प्रीपेड प्लॅनची सोय आहे: मुदत संपली की संपली, हवं तर पुन्हा भरा. मोबाइलमुळे ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. बटणावर 'सबस्क्राइब' लिहू नये, 'वर्षाचं रिचार्ज' लिहावं.

खरेदी झाल्यावर ॲपने तिची पोच तीन दिवसांत प्लेला द्यायची असते. कोडमध्ये ते राहिलं तर पैसे आपोआप परत जातात. वापरणारी म्हणते 'मी भरले', कन्सोल म्हणतं परत केले, आणि चूक शोधताना नाकीनऊ येतात.

गुरुवार

ॲपच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, पण देवनागरीत ही अक्षरं डोळ्यांना दिसतात तशी मोजली जात नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं धरतात. 'भिशी' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत चार. 'चिठ्ठी' तर सहा. 'भिशी हिशोब: हप्ते व चिठ्ठी' हे नाव २६ मध्ये बसतं. छोट्या वर्णनाला ८० मिळतात. तिथे भिशी हा शब्द रोमन लिपीतही एकदा यायला हवा, कारण मराठी माणूस मराठी शब्दसुद्धा बहुतेक वेळा इंग्रजी कीबोर्डवरच शोधतो. तोच शब्द दहादा कोंबला तर धोरणाचा भंग होतो.

ॲप प्रकाशित करायचं प्लेवरचं खातं नवं आणि वैयक्तिक असेल तर आधी १२ जणांची बंद चाचणी (फक्त बोलावलेल्यांपुरती), सलग १४ दिवस. बारा म्हणजे नेमकी एक भिशीच! तरी पंधरा-सोळा जण घ्यावेत. बारातली एक बाहेर पडली की अट तिथेच अडते.

जाहिरातीवर खर्च करायचा मोह आवरावा. वीस जणींनी ॲप घेऊन एकीने पैसे भरले असं धरलं, तर एका डाउनलोडमागे सातच रुपये परवडतात. त्यापेक्षा पावती चांगली. चिठ्ठी निघाली की ॲपने एक चित्र बनवावं: महिना, कुणाची भिशी लागली, जमा किती. ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातं आणि अकरा जणी पाहतात. त्यांतल्या दोघी-तिघी दुसरीकडे स्वतःची भिशी चालवत असतात, खरं गिऱ्हाईक त्या. ॲपचं नाव चित्राच्या तळाशी बारीक अक्षरात, पण लिंक मात्र सोबतच्या मजकुरात, कारण चित्रातली लिंक दाबता येत नाही. लिंकला रेफररची खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी) जोडली की पावतीतून किती जणी आल्या ते कन्सोलमध्ये कळतं.

पावतीवर थकबाकीदारांची नावं अजिबात नकोत. ग्रुपवर भांडण लागतं, आणि खापर ॲपवर फुटतं.

रेटिंगची विनंती महिन्याचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर करावी, जीव भांड्यात पडलेला असतो तेव्हा. रेटिंग विचारणारी प्लेची खिडकी बटणाला जोडू नये. तिचा कोटा ठरलेला असतो, तो संपला की बटण दाबूनही काही उघडत नाही. वाईट अभिप्रायाला उत्तर ३५० अक्षरांत द्यावं लागतं. तिथे माफीवर शब्द खर्च करण्यापेक्षा कुठलं बटण दाबायचं ते सांगितलेलं बरं.

बहुतेक भिश्यांचे हप्ते पहिल्या आठवड्यात गोळा होतात. त्यामुळे नवी आवृत्ती २० तारखेनंतरच सोडायची. पाच तारखेला ॲप बंद पडलं तर वही उघडलीच म्हणून समजा.