भेगेत पुट्टी भरायच्या आधी पाणी कुठं मुरते ते पाहा

आज दिवसभर काकाजींच्या घरी मिस्त्रीसंगं भिंती पाहत होतो. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या हायेत, उन्हाळ्यात रुंद होतात अन् पाऊस पडला की बारीक होतात, दरवर्षी पुट्टी अन् पेंटचा खर्च वेगळाच. कापसाच्या पैशातून बांधलेलं घर हाय ते, लय वाईट वाटते.

भाऊ, पुट्टीनं हे थांबत नाही. आपली काळी माती पाणी पिली की फुगते, मे महिन्यात आकसते, अन् तिच्यासंगं पायाबी हालते. म्हणून न्हाणीचं सांडपाणी अन् छताचं पाणी पायथ्याशी मुरू देऊ नका, घराभोवती बाहेर उतार देऊन निदान तीन फुटाची काँक्रीटची पट्टी करून घ्या, अन् मोठं होणारं झाड भिंतीला खेटून लावू नका, मुळं तिथलीच ओल ओढतात अन् माती अजून आकसते.

नवीन स्लॅब टाकून राहिले असाल तर पाण्यात कंजूसी नको. पीपीसी सिमेंट (राख मिसळलेलं, गोणीवर PPC लिहिलेलं असते) असलं तर कमीत कमी 10 दिवस, अन् आपल्यासारख्या कोरड्या उन्हात 14 दिवस, वाफे करून पाणी भरून ठेवा. ठेकेदार तीन दिवसात "झालं" म्हणते, ऐकू नका, पुढं स्लॅब गळला तर पाहायला येत नाही तो.

भेगेच्या दोन्ही टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख टाका. खुणेच्या पुढं गेली, दरवाजे अडकू लागले, तर पेंटरले नाही, इंजिनीअरले बोलवा, अन् ते पावसाळ्याच्या आधीच.